लयीचा आकडा

जबलपूरजवळच्या पाटनमध्ये ताल नाही असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. इथे रामायण मंडळ्या आहेत, होळीच्या दिवसांत फाग गाणाऱ्या टोळ्या आहेत. त्यांच्याजवळ ढोलक आहे, नगडिया आहे, मंजिरे आहेत, आणि वाजवणारे हात असे की हातातलं काम टाकून उभं राहावं. पण ख्यालाला ठेका धरणारा तबलजी हवा असेल तर जबलपूरकडेच बघावं लागतं. अंतर तीसेक किलोमीटर. थंडीत मटारचा हंगाम सुरू झाला की मंडईकडे निघालेल्या गाड्यांनी रस्ता भरून जातो. अशा रस्त्याने एखाद्या साथीदाराने रोज यावं, तासभर शिकाऊ मुलांना ठेका धरावा आणि परत जावं, ही अपेक्षाच करता येत नाही. त्यामुळे इथे गाणं शिकणाऱ्या मुलामुलींचा रोजचा तबलजी त्यांच्या फोनमध्ये राहतो.

ॲप उघडलं की तालांची यादी येते: त्रिताल, एकताल, झपताल, रूपक, दादरा, केरवा. मग पट्टी निवडायची, काळी एक की पांढरी चार, आणि ती केसभर वरखाली करायची असेल तर त्याची वेगळी सोय. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाची ठेवायची, मध्यमाची की निषादाची, ते रागाप्रमाणे ठरवायचं. तानपुरा, तबला आणि लेहरा यांचे आवाज वेगवेगळे कमीजास्त करता येतात. आणि या सगळ्यांच्या मध्ये, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, लयीचा आकडा असतो. मुलांचं बोट आधी तिथेच जातं. ‘‘दीदी, कितने पे रखूँ?’’ पेटी उघडून मी नीट बसायच्या आत हा प्रश्न येतो.

आकड्याचा अर्थ सरळ आहे, मिनिटाला इतक्या मात्रा. साठ म्हणजे सेकंदाला एक. त्रिताल एकशेसाठवर ठेवला तर सोळा मात्रांचं आवर्तन सहा सेकंदांत संपतं. एकताल पंधरावर ठेवला तर बाराच मात्रांना अठ्ठेचाळीस सेकंद लागतात. हा हिशोब मी मुलांना वहीत करायला लावते, कारण आवर्तन म्हणजे किती मोठी जागा आहे याचा अंदाज त्यावरून येतो. अठ्ठेचाळीस सेकंदांच्या जागेत काय काय मावतं आणि सहा सेकंदांत काय मावत नाही, हे एकदा मनात बसलं की विलंबितात घाईने तान घ्यायची सवय थोडी आवरते. म्हणजे आकड्याचा उपयोग आहेच. पण तो गाण्याआधी ठरवायचा असतो, असं मुलांनी कधी धरलं आणि आपणही ते कसं चालवून घेतलं, हा मला सतावणारा मुद्दा आहे.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लय आकड्याशिवाय सांगितली गेली. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील, काटेकोर माणूस. त्यांनी बंदिशी लिहून ठेवताना प्रत्येक मात्रेला जागा दिली, विभाग आखले, समेला फुली आणि खालीला शून्य दिलं. कण, मींड, कोमल-तीव्र यांची चिन्हं ठरवली. क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग चाळले तर किती शिस्तीने हे काम केलं आहे ते दिसतं. पण बंदिशीच्या माथ्यावर ताल लिहिला आहे, फार तर विलंबित किंवा मध्यलय असा शब्द आहे. मिनिटाला किती मात्रा ते कुठेच नाही. तोवर युरोपात लय मोजायचं यंत्र जुनं झालं होतं. ॲमस्टरडॅममध्ये विंकेलने 1814 साली तसं यंत्र बनवलं, मेल्झेलने त्याच कल्पनेवर 1815 साली पेटंट घेतलं, आणि 1817 साली बीथोव्हेनने आपल्या सिंफनींसाठी लयीचे आकडे छापून दिले. गंमत अशी की खुद्द रचनाकाराने दिलेल्या त्या आकड्यांवरून तिकडे अजून वाद चालतात. त्यांतले कित्येक आकडे वाजवणाऱ्यांना फार जलद वाटतात. भातखंड्यांनी ही जागा मोकळी सोडली ती विसरून सोडली असं मला वाटत नाही. घराण्याघराण्यांच्या चिजा एका जागी आणताना कोणत्या गोष्टीवर मोहोर उठवायची आणि कोणती गाणाऱ्याच्या हाती राहू द्यायची, हे त्यांना चांगलं ठाऊक असणार.

विलंबितात हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं, आणि ॲप सगळ्यांत उघडं पडतं तेही तिथेच. विलंबित एकतालात धिं धिं, मग धागे, मग तिरकिट. पंधराच्या लयीत एका मात्रेला चार सेकंद मिळतात. तिरकिटची चार अक्षरं त्या चार सेकंदांत समान अंतरावर ठेवली, तर प्रत्येक अक्षर एकेक सेकंद एकटं पडतं आणि बोल म्हणून ऐकूच येत नाही. हातात तबला असलेला माणूस असं कधी करत नाही. तो धिं वाजवल्यावर डग्ग्याचा घुमारा लांबवतो, मात्रेच्या पोटात हलके बोल भरतो, तिरकिटला थोडं पुढे ढकलून पुढच्या मात्रेकडे झुकवतो. गायक दमसास घेऊन एखाद्या सुरावर थांबला आहे असं दिसलं की भरणी कमी करतो. पाटनच्या आजूबाजूला हवेलीची शेती होत आली आहे. चारी बाजूंनी उंच बांध घालून पावसाचं पाणी महिनोन्‌महिने शेतात अडवून ठेवायचं आणि पेरणीच्या तोंडावर सोडून द्यायचं. ते पाणी वरून निश्चल दिसतं, पण खाली काळी माती भिजत, फुगत असते, तण कुजत असतं आणि पुढचं पीक तिथेच तयार होत असतं. चांगल्या तबलजीच्या विलंबितातली मात्रा अशी भरलेली असते. यंत्राच्या विलंबितात दोन ठोक्यांमधलं शेत कोरडं राहतं.

उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झूमरा ऐकताना मला हे फार जाणवतं. चौदा मात्रांचा ताल, आणि लय इतकी संथ की पुढची मात्रा कधी येणार याची वाट बघणं हाच ऐकण्याचा भाग होतो. त्यांना साथीला साधा ठेकाच लागे, वाजवण्याची हौस त्यात नको असे. साधा ठेका म्हणजे बोल कमी, पण वाजवणाऱ्याचं लक्ष जराही कमी नाही. कुमार गंधर्वांना वर्षानुवर्षं साथ करणारे वसंतराव आचरेकर हे दुसरं उदाहरण. कुमार 1948च्या सुमारास आजारपणात देवासला आले, बरे झाल्यावरही तिथेच राहिले, आणि त्यांच्या गाण्यातल्या लयीचं वळण कुणालाही आयतं सापडणारं नव्हतं. मुखडा कुठून उठेल, आणि तो समेला धरून येईल की तिला हूल देऊन येईल, हे आधी सांगता येत नसे. आचरेकरांचा ठेका ध्वनिमुद्रणांत ऐका. तो पुढे पुढे करत नाही. पण कुमारांनी सम घेतली की तबला तिथे आधीच पोचलेला असतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही मुद्रणं ऐकवते तेव्हा गाणं बाजूला ठेवून फक्त डग्गा ऐकायला सांगते.

फोनमधला तबला हाही कुणा माणसाच्याच हाताचा असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चांगल्या ॲपमध्ये कसलेल्या वादकाने वाजवलेले बोल मुद्रित केलेले असतात. ते एका विशिष्ट लयीत वाजवले गेले. तुम्ही आकडा खाली ओढला की त्या वाजवलेल्याचं काहीतरी करावं लागतं. एक मार्ग असा की बोल सुटे करून दूर दूर ठेवायचे. मग मघाशी सांगितलेला कोरडेपणा येतो. दुसरा मार्ग आवाजच ताणण्याचा. ध्वनीचे अगदी बारीक तुकडे पाडून ते एकमेकांवर थोडे सरकवत मांडायचे, म्हणजे वेळ वाढतो आणि पट्टी तीच राहते. बेल प्रयोगशाळेत फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी 1966 साली बोललेल्या आवाजावर अशा ताणण्याची एक पद्धत मांडली, आणि पुढे संगीताला तिचा खूप उपयोग झाला. पण ताणण्याला मर्यादा आहे. तबल्याची चाट म्हणजे क्षणात उमटून गेलेला आघात. ती ताणली की तिची धार जाते. डग्ग्याचा घुमारा ताणला की तो थरथरत रेंगाळतो. म्हणून ज्या लयीत मूळ वादन झालं तिच्या आसपास ॲप उत्तम वाजतं आणि जितकं दूर न्यावं तितकं ओढल्यासारखं लागतं. मी मुलांना सांगते, कान देऊन ती जागा शोधा. लय पाचपाचने खाली आणत जा. एका ठिकाणी तबला दमल्यासारखा वाटेल. त्याच्या थोडं वर थांबा, आणि त्याहून संथ गायचं असेल तर तबला बंद करून हाताने मात्रा मोजा.

पट्टी आणि लय वेगळ्या करता येणं ही आपल्याला आज साधी गोष्ट वाटते. तबकड्यांच्या काळात ती अशक्य होती. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांची मुद्रणं झाली तेव्हापासून कित्येक दशकं गाणं आणि तबकडीचा वेग एकमेकांना बांधलेले होते. मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी 82-83 फेऱ्यांनी फिरवली तर पांढरी एकमध्ये गाणारा माणूस काळी एकमध्ये गाऊ लागतो, आणि लयही तेवढीच चढते. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या 78वरच मुद्रित झाल्या होत्या असंही नाही. त्यामुळे जुन्या गायकांची खरी पट्टी कोणती यावर जाणकार अजून चर्चा करतात. माझ्या विद्यार्थिनी एका बोटाने लय न हलवता पट्टी बदलतात, तेव्हा मला त्या जुन्या मुद्रणांवर कान लावून बसणाऱ्या अभ्यासकांची आठवण येते. हे स्वातंत्र्य फार मोठं आहे आणि ते वापरताना त्याची जाण असावी, एवढंच माझं म्हणणं.

पाश्चात्त्य संगीतात याहून पुढे गेलेली साधनं आहेत. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या पीजी म्यूझिकने 1990 साली बँड-इन-अ-बॉक्स नावाचं सॉफ्टवेअर काढलं. गाण्याचे कॉर्ड लिहायचे, शैली निवडायची, लय सांगायची, की पियानो, बास आणि ड्रम यांची साथ तयार. पुढे त्यात खऱ्या वादकांनी वाजवलेले तुकडे आले, आणि तिथेही हाच प्रश्न उभा राहिला. ठरावीक लयीत वाजवलेला तुकडा थोडा ताणला तर चालतो, फार ताणला तर नाही. मग उपाय असा की एकशेवीसच्या लयीत वाजवलेली शैली साठच्या गाण्यावर बसवायची झाली तर ती न ताणता तिच्या निम्म्या लयीने मोजायची. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण आपली दुगुन तीच आहे. सातासमुद्रापार बसलेल्या संगणकवाल्यांना ताणण्यापेक्षा पट करणं बरं हे उमगलं, ते आपल्याकडे तालमीच्या पहिल्या वर्षात टाळी देऊन शिकवतात.

यंत्राविरुद्ध बोलणं सोपं आहे आणि मला ते करायचं नाही. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे सूर पक्के बांधलेले, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून ती गायकाचा गळा बिघडवते, असा आक्षेप होता, आणि रवींद्रनाथ ठाकुरांसारखा माणूस त्या बाजूने होता. बंदी तीस वर्षं टिकली. तेवढ्या काळात महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी घडवलेली पेटीवादनाची परंपरा थांबली नाही, गायकांनी पेटी सोडली नाही, आणि मींड घेणारे गळे मींड घेतच राहिले. आक्षेप खोटा नव्हता. पेटीत खरोखरच मींड नाही. पण गायकाला ते माहीत असलं की पेटी त्याला इजा करत नाही. तालाच्या यंत्राबद्दल मी असंच मानते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूच्या जी. राज नारायण या बासरी वाजवणाऱ्या इंजिनियरने विजेवर चालणारा तानपुरा केला, त्यांच्या रॅडेल कंपनीने पुढे तालमाला हे तबल्याचं आणि सुनादमाला हे लेहऱ्याचं यंत्र आणलं, तेव्हाही नाकं मुरडली गेलीच. मिरजेचा तानपुरा तरीही मिरजेचाच राहिला, आणि 2024 साली तिथल्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

या डब्यांनी जे दिलं त्याची बेरीज करताना एक गोष्ट कुणी धरत नाही. ती म्हणजे बायकांचा रियाज. लहान गावात तरुण मुलीच्या घरी रोज पहाटे तबलजी येऊन बसणं हे आजही सोपं नाही. पन्नास वर्षांपूर्वी तर विचारायलाच नको. माझ्या आत्याचा गळा घरात सगळ्यांत चांगला. लग्न होऊन ती अशाच एका गावात गेली, तिथे साथीला कुणी नव्हतं, आणि हळूहळू तिचं गाणं भजनापुरतं उरलं. तिच्या कानात लय होती, आवाज शेवटपर्यंत स्वच्छ होता. हवी होती फक्त रोजची अर्धा तास साथ. आज माझ्याकडे येणारी एक मुलगी हंगामात दिवसभर घरच्यांबरोबर मटार तोडते आणि पहाटे उठून कानात इअरफोन घालून गाते. घरातलं कुणी जागं होत नाही, कुणाची मनधरणी करावी लागत नाही, एकच आलाप पुन्हा पुन्हा घोटला तरी पलीकडचा कंटाळत नाही. त्या फोनला मी नावं ठेवणार नाही.

तरीही एक धोका आहे, आणि तो लयीच्या आकड्यात नसून आवाजाच्या बटणात आहे असं माझं मत झालं आहे. मुलं ठेक्याचा आवाज मोठा ठेवतात. डोक्यात सतत ठेका वाजत असला की आतून मात्रा मोजायची गरज उरत नाही. बाहेरचा ठेका ऐकून सम येते, आतून येत नाही. असं गाणारी मुलं ॲपबरोबर कधी चुकत नाहीत, पण ॲप बंद केल्यावर चार आवर्तनांत त्यांची लय चढते. कारण मोजणारं दुसरंच कुणीतरी होतं. म्हणून मी आधी तबला अगदी हळू ठेवायला सांगते, गाण्याच्या खाली, कान टवकारल्याशिवाय ऐकू न येण्याइतका. मग तबला पूर्ण बंद करून फक्त लेहरा. लेहऱ्यात बोल नसतात, सुरावळीच्या वळणावरून आपण कुठे आहोत ते ओळखावं लागतं. आणि त्यानंतरचा धडा कठीण: एक आवर्तन तबला, पुढचं आवर्तन तबल्याचा आवाज शून्यावर, पुन्हा एक आवर्तन तबला. त्या निःशब्द आवर्तनात यंत्र आत चालूच असतं. मुखडा घेऊन समेवर यायचं आणि आवाज परत आणायचा. धा तुमच्या समेवर पडला तर लय तुमची. आधी पडला तर तुम्ही रेंगाळलात, नंतर पडला तर धावलात. एवढा निर्मळ परीक्षक माणसांत सापडणं कठीण, कारण माणूस साथीदार तुम्हाला सांभाळून घेतो. पहिल्यांदा हे करताना मुलं हिरमुसतात. जमायला लागतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

लय हळूहळू आपोआप वाढवत नेण्याची सोयही काही ॲपांत असते. इतक्या आवर्तनांनंतर इतक्या मात्रांनी वाढ, असं सांगून ठेवायचं. तानांच्या तयारीला ती चांगली. पण लय चढणं म्हणजे काय ते शिकायचं असेल तर इथल्या फागात जाऊन बसावं. ढोलक आणि नगडिया सुरुवातीला निवांत असतात. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. लय वाढते ती मोजून ठेवलेल्या आवर्तनांनंतर वाढत नाही. एखाद्या शब्दाशी सगळे एकदम रंगात येतात, त्याच ओळीची दुसऱ्यांदा मागणी होते, आणि ती दुसऱ्यांदा येताना आधीपेक्षा जलद येते. कुणी वाढवली हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. शेवटी मंजिरे एवढे धावतात की शब्द विरघळून फक्त चाल उरते. ॲपमध्ये वाढ चढणीच्या पायरीसारखी ठरलेल्या जागी येते आणि तिला ओळीतला शब्द कोणता चालला आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

आणि लमटेरा तर कोणत्याच आकड्यावर बसत नाही. संक्रांतीला नर्मदेकडे पायी निघालेले लोक तो गातात, याच गाण्यांना बंबुलिया असंही म्हणतात. वाद्य नाही. एकजण लांब टेर लावतो, ती हवेत जाईल तितकी जाऊ देतो, मग मागचे उचलतात. मी एका वर्षी एका विद्यार्थ्याला त्याच्या आजीचा लमटेरा फोनवर मुद्रित करून आणायला सांगितलं आणि आम्ही त्यावर ठेका बसवून पाहिला. दादऱ्यावर बसवला, केरव्यावर बसवला, आकडा वरखाली केला. प्रत्येक वेळी आजी टेरेच्या शेवटी एखाद्या क्षणाने जास्त थांबायची आणि ठेका पुढे निघून जायचा. पण तिचं गाणं बेलय नव्हतं. तिचा श्वास जिथे संपत होता तिथे ओळ संपत होती, आणि मागच्या बायका नेमक्या त्याच जागी उचलत होत्या. एकही पुढेमागे नव्हती. मात्रा नसलेली लय असते आणि ती चुकूही शकते, हे त्या मुलाला त्या दिवशी कळलं. ख्यालातला आलाप शिकवायला मला याहून चांगलं साधन आजवर मिळालेलं नाही.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास मुलांचा छोटा कार्यक्रम ठरला आणि जबलपूरहून एक तबलजी साथीला आले. त्यांना आम्ही काका म्हणतो. भोसल्यांच्या काळापासून नर्मदेच्या या काठावर मराठी घरं आहेत. काकांचं घर त्यांतलंच. मराठी आणि बुंदेली ते एका श्वासात बोलतात. तबला लावून झाल्यावर मटार तोडणारी ती मुलगी पुढे आली. मध्यलय त्रितालातली बंदिश. तिने आधीच सांगून टाकलं, ‘‘काकाजी, मैं एक सौ दस पे गाती हूँ.’’ काका तिच्याकडे बघून प्रेमाने म्हणाले, ‘‘मुखड़ा सुनाओ बेटा.’’ तिने मुखडा म्हटला. त्यांनी डोळे मिटून ऐकला, पुन्हा म्हणायला लावला, आणि तिसऱ्यांदा ती समेला येताना ठेका सुरू केला. लय तिच्या ॲपपेक्षा थोडी खाली होती. पहिली दोन आवर्तनं ती पुढे पळत होती. मग तिला जागा सापडली. अंतऱ्याला तार षड्जावर ती नेहमीपेक्षा जास्त थांबली, आणि काकांनी तेवढा वेळ नुसता ठेका धरून ठेवला. तो थांबा तिच्या रियाजात कधीच नव्हता.

नंतर चहाच्या वेळी मी काकांना विचारलं, ‘‘तुम्ही लय खाली का घेतलीत?’’ ते म्हणाले, ‘‘मी कुठे घेतली? तिने मुखडा म्हटला त्याच लयीत वाजवलं मी. तिला वाटतं ती एकशेदहावर गाते. अगं, तिच्या बंदिशीतले शब्द एकशेदहावर तिच्या तोंडात नीट बसत नाहीत.’’ मुलगी तिथेच उभी राहून ऐकत होती.

त्या आठवड्यापासून आम्ही क्रम बदलला आहे. बहुतेक ॲपांत लयीच्या आकड्याशेजारी एक बटण असतं. त्यावर बोटाने ताल धरला की ॲप त्या ठोक्यांवरून आकडा स्वतः काढतं. ते बटण आम्ही इतके दिवस वापरतच नव्हतो. आता ती आधी फक्त तानपुरा लावते, मुखडा म्हणते, शब्द तोंडात बसेपर्यंत म्हणत राहते, आणि मग गातागाताच त्या बटणावर बोट वाजवते. थंडीच्या पहाटे आकडा खाली येतो. आवाज मोकळा झाल्यावर वर जातो. बंदिश बदलली की लयही बदलते, आणि त्याच बंदिशीत तानांचं अंग आलं की ती दुसऱ्यांदा बोट वाजवून पुन्हा मोजते. आलेला आकडा ती वहीत तारखेसमोर लिहून ठेवते. महिन्याभराचे आकडे मला दाखवायला घेऊन येते तेव्हा आम्ही दोघी मिळून बघतो, कोणत्या दिवशी सर्दी होती, कोणत्या दिवशी मटारची गाडी भरून ती उशिरा झोपली होती आणि कोणत्या दिवशी तिने नवी तान पहिल्यांदा घेतली. काका महिन्यातून एकदा यायला तयार झाले आहेत, तेव्हा ही वही त्यांच्यासमोरही ठेवायची आहे.